कोरडा चमचा

पावडर कोरडी निघाली. शंभर भागांत दोन पूर्णांक चार दशांश भाग पाणी. कारखान्यातून आलेल्या पिशवीचं तोंड पहिल्यांदा कापतात तेव्हा असतं, तेवढंच. तिनं आकडा पुन्हा वाचला, बशी काट्यावरून उचलली, पुन्हा ठेवली, काट्याची काचेची दारं सरकवून बंद केली आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. दारं बंद असताना श्वास रोखायची काही गरज नसते, पण एकोणीस वर्षांची सवय. आकडा तोच आला. मग तिनं पर्समधून घरचा मापाचा चमचा काढला, पांढरा, प्लॅस्टिकचा, दांड्यावर बारीक चीर गेलेला. घरून आणलेल्या बाटलीतल्या उरलेल्या पावडरीत तो बुडवला, सुरीच्या पाठीनं वरचा उंचवटा सपाट केला आणि वजन केलं. दहा ग्रॅम. पुन्हा भरला, दहा. पाच वेळा भरला. एकदा नऊ पूर्णांक नऊ दशांश आला, एकदा दहा पूर्णांक एक दशांश, बाकी दहा. चमच्यातही काही खोट नव्हती. पावडरीत नव्हती, चमच्यात नव्हती, घरचा काटा तिनं रविवारीच इथली वजनं नेऊन तपासला होता. आता एकच कारण उरलं होतं, आणि त्याच्याकडे बघायला नको म्हणून ती बशी धुवायला निघाली. बशी इथे धुवायची नसते हेसुद्धा तिला दारापर्यंत पोचल्यावर आठवलं.

दारात फुंकर उभा होता. फुंकर म्हणजे इथला जुना स्टोअरकीपर. काट्याच्या तबकावर दोन कण दिसले की कापड शोधायच्या आधी त्याच्या तोंडून फुंकर निघून जायची, आणि तोंडातली वाफ म्हणजे या खोलीत गुन्हाच, म्हणून हे नाव पडलं होतं. सहा वर्षांत त्याची सवय गेली नाही, नाव मात्र पक्कं झालं. त्यानं विचारलं, काय निघालं. सकाळीच त्यानं तिला ती औषधाची बाटली ओव्हनपाशी ठेवताना पाहिलं होतं, आणि हा आपल्या मालाचा नमुना नाही हे त्याला वासावरून कळलं होतं. ती म्हणाली, काही नाही. "काही नाही निघालं म्हणजे चांगलंच की, मॅडम," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला. मग आठवून त्यानं आतलं दार आधी लावलं, कारण इथे दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत.

ही कोरडी खोली. सुपाच्या, दुधाच्या, कॉफीच्या पावडरी इथे मोठ्या पिंपांमधून काढून लहान पाकिटांत भरतात, आणि ती पाकिटं मग ऑफिसांतल्या, इस्पितळांतल्या यंत्रांत जातात, बटण दाबलं की कपात पडायला. तिचं काम एकच, कुठेही पाणी येऊ द्यायचं नाही. भिंतीवरचा, हवेतली ओल दाखवणारा काटा चाळीसच्या वर गेला की काम थांबवायचं. आत पाण्याची बाटली आणायची नाही, केस धुऊन यायचं नाही, चहा बाहेर. पाकीटवाल्या मावशींचा नवरा गेला त्या महिन्यात त्या पट्ट्यापाशी उभ्या उभ्या रडायला लागल्या, तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, मावशी, रडायचं असेल तर दोन दारांच्या पलीकडे जाऊन रडा. सगळे हसले होते, मावशीसुद्धा. आणि मग खरंच बाहेर जाऊन रडून आल्या होत्या. इतक्या वर्षांत तिच्या स्वतःच्या ओठांवर, टाचांवर, बोटांच्या पेरांवर बारीक भेगा पडल्या होत्या, त्या कुठल्याही मलमानं भरत नसत. बाबा थट्टेनं म्हणायचे, आमच्या शास्त्रीणबाईंना वाळवणाला घातलंय. दुपारभर ती हॉपरपाशी उभी राहिली. हॉपर म्हणजे वरून रुंद, खालून चिंचोळं नसराळं. त्यात कधी कधी पावडरीची कमान धरते. वरून बघावं तर काठोकाठ भरलेलं, आणि खालच्या तोंडातून एक कण पडत नाही. मग लाकडी मोगरी घेऊन बाहेरून ठोकावं लागतं, फार जोरात नाही, नाहीतर आणखी घट्ट बसतं. आज दोनदा कमान धरली. दोन्ही वेळा तिनंच ठोकलं.

घरची बरणी दिवसाला दोनशे ग्रॅमनं उतरायला हवी होती. बाबांच्या अन्ननलिकेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या पोटात दुसरं काही जात नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, चार वेळा, दर वेळी पाच सपाट चमचे, कोमट पाण्यात. सकाळचा पेला ती द्यायची, संध्याकाळचा ती द्यायची. मधल्या दोन वेळांची पावडर दोन छोट्या झाकणाच्या डब्यांत मोजून, थर्मासमध्ये पाणी भरून ठेवून ती कामाला यायची. बाबांनी फक्त डबा पेल्यात ओतायचा, पाणी घालायचं, ढवळायचं, प्यायचं. संध्याकाळी आल्यावर ते दोन डबे ओट्यावर पालथे असत, स्वच्छ, इतके कोरडे की हात फिरवला तर किंचित किरकिरत. तिला त्याचं कौतुक वाटायचं. आजारी माणूस, पण डबे कसे धुऊन पुसून ठेवतो. एकदा तिनं फोनवर मैत्रिणीला हे सांगितलंही होतं. आज हॉपरपाशी मोगरी हातात धरून उभी असताना तिला त्या किरकिरण्याचा अर्थ कळला. धुतलेला डबा असा लागत नाही. धुतलेला डबा बोटाखाली घसरतो.

पहिल्यांदा बरणी एकशे नव्वदनं उतरली तेव्हा तिनं तो आकडा कागदाच्या पट्टीवर लिहिला आणि पुढे लिहिलं, दमट? हवा त्या आठवड्यात खरोखरच जड होती, कपडे वाळत नव्हते. आणि कारण तिच्या तोंडपाठ होतं. पावडरीला हवा लागली की ती फुगीर बसते, कणांमध्ये पोकळी राहते, चमचा भरलेला दिसतो पण वजन भरत नाही. म्हणजे बाबांना मिळायला हवं त्यापेक्षा कमी मिळतंय. ती घाबरली, आणि घाबरली की ती कामाला लागायची. बरणी स्वयंपाकघरात होती, किटलीच्या वाफेजवळ, ती तिनं तिथून हलवली. घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे आतली खोली, बाबांच्या पलंगालगतचं कपाट, पडून हात लांबवला तर पोचेल असा मधला कप्पा. जुन्या बरणीचं झाकण इतकं घट्ट होतं की बाबांच्या बोटांना ते मुश्किलीनं उघडे. त्याला बारीक चीर असेल, हवा तिथूनच शिरत असेल, म्हणून तिनं काचेची नवी बरणी आणली, रबरी कडीची, खटका एका बोटानं उघडेल अशी. तळाशी सिलिकाच्या पुड्या ठेवल्या. आकड्यांची पट्टी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. बाबा पलंगावर पडून बघत होते. "बरं केलंस," ते म्हणाले होते.

पुढच्या आठवड्यात बरणी एकशे सत्तरनं उतरली, मग दीडशेनं. दर रविवारी ती बाबांना वजनाच्या काट्यावर उभं करायची, एक हात भिंतीला, तो हात काढायला लावून. बावन्न, एक्कावन्न, मग पन्नासच्या खाली. डॉक्टरांनी विचारलं, पावडर पोटात जाते ना नीट, तर तिनं सांगितलं, मोजून जाते. मग तिनं दर वेळेला एक चमचा वाढवला. पाचाचे सहा. आता घट परत दोनशेवर यायला हवी होती. ती एकशे वीसवर आली. एकशे वीस, एकशे वीस, एकशे वीस, चार दिवस सारखी. हवा कधी सारखी नसते. चमचे वाढले आणि घट कमी झाली, हे कुठल्याही हिशेबात बसत नव्हतं, आणि तरीही तिनं प्रत्येक आकड्यापुढे दमट असंच लिहिलं, फक्त प्रश्नचिन्ह गळून पडलं होतं. एक सपाट चमचा घरच्या काट्यावर तोलून बघायचा, दोन मिनिटांचं काम. ते तिनं पाच आठवडे केलं नाही. तिनं काय केलं तर पावडरीचा नमुना कामावर नेऊन ओव्हनमध्ये चार तास वाळवला. दिवसाला चोवीस चमचे, म्हणजे दोनशे चाळीस. त्यातले सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा. एकशे वीस. बरोबर निम्मे.

बाबा चाळीस वर्षं वजनकाट्यावर होते. ट्रक चढायचे तो मोठा काटा, जमिनीत पुरलेला, आणि त्याच्या कडेला काचेची एक खोली. ती शाळेतून थेट तिथे जायची. भरलेला ट्रक यायचा, आकडा लिहायचा. तोच रिकामा होऊन यायचा, आकडा लिहायचा. भरलेला वजा रिकामा. ड्रायव्हर बसलेला असेल तर दोन्ही वेळा बसलेला हवा, उतरला असेल तर दोन्ही वेळा उतरलेला. तिच्या पायाखालची फळी ट्रक चढला की थरथरायची, तो थरथराट तिला अजून पोटऱ्यांत आठवत होता, आणि बाबांच्या शर्टाला येणारा डिझेलचा आणि पेन्सिलीच्या लाकडाचा वास. तफावत आली की काय करायचं हे त्यांनी तिला तिथेच शिकवलं होतं. आधी माणूस बघायचा, मग काटा, मग माल. ती नऊ वर्षांची होती आणि तिला हे उलटं वाटलं होतं, माणसावर असा पहिल्यांदाच संशय कसा घ्यायचा. ते म्हणाले होते, संशय नाही गं, नुसतं बघायचं. एखादा आजारी असतो, एखादा झोपलेला नसतो, एखाद्याच्या घरी काही झालेलं असतं, त्याचं लक्ष नसतं. नुसतं तोंडाकडे बघायचं. तिनं आधी माल बघितला, मग काटा बघितला. पाच आठवडे ती रोज संध्याकाळी बाबांकडे पाठ करून कपाटात बघत होती.

आई होती तोवर घरात एकच हुकूम दिवसातून दहा वेळा ऐकू यायचा, ओला चमचा घालू नका. साखरेत, मिठात, कशातही. आई हे म्हणायची तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडेच असायचं. पाठ फिरवून काही चिरत असायची, पण चमच्याचा आवाज तिला कळायचा. बाबा मग चमचा शर्टाला पुसायचे. शर्टाला नको म्हणून ती पुन्हा ओरडायची. आई गेल्यावर सहा वर्षं कुणी हे म्हटलं नव्हतं, आणि घरातल्या कुठल्याही डब्यात सहा वर्षांत एक गुठळी झाली नव्हती. बसमध्ये खिडकीशी बसून ती हे आठवत होती. पर्समध्ये रिकामी बाटली आणि चमचा एकमेकांवर आपटून बारीक आवाज करत होते. बाहेर दुकानांच्या पाट्यांवरचे दिवे लागत होते, अजून पुरता अंधार नव्हता. तिला वाटलं, आपण आज उशिरानं पोचावं. मग वाटलं, उशीर झाला तर संध्याकाळचा पेलाही राहील. त्या दोन्ही विचारांची तिला सारखीच लाज वाटली.

घरी डबे ओट्यावर पालथे होते. तिनं हात लावला नाही. पाणी कोमट केलं, बरणी आणली, सहा चमचे सपाट करून पेल्यात घातले, ढवळलं, तळाशी काही राहिलं नाही ना हे उजेडाकडे धरून पाहिलं. बाबा उशीला टेकून बसले. एक एक घोट घेत, मध्ये थांबत, गळ्याची घाटी वर-खाली होताना दिसे अशा तऱ्हेनं त्यांनी पेला संपवला, आणि शाळेतल्या मुलासारखा तिला उलटा करून दाखवला. हे ते रोज करत. त्यांची मनगटं चमच्याच्या दांड्याएवढी झाली होती, हे तिनं रविवारच्या आकड्याशिवाय आज पहिल्यांदा पाहिलं.

"बाबा, दुपारची पावडर तुम्ही परत बरणीत टाकता?"

त्यांनी नजर चुकवली नाही. "कोरड्या चमच्यानं," ते म्हणाले.

ती पलंगाच्या कडेवर बसली. बाबांनी पाय जरा आत घेतले, तिला जागा व्हावी म्हणून. मग तिनं विचारलं ते तिला स्वतःलाच विचित्र वाटलं. तिनं विचारलं, फेकून का नाही दिलीत? बेसिनमध्ये ओतली असती तर बरणी दोनशेनंच उतरली असती, मला जन्मात कळलं नसतं. बाबांच्या कपाळाला आठी पडली. फेकायची कशी, ते म्हणाले, खायची वस्तू आहे, आणि तुला नाहीतरी कळलंच होतं की. त्यांनी हनुवटीनं कपाटाकडे खूण केली. दार अर्धवट उघडं होतं आणि पट्टीवरचे तिचे बारीक, सरळ आकडे पलंगावरून स्वच्छ दिसत होते. दुपारभर त्यांच्यासमोर तेवढंच वाचायला असायचं. चाळीस वर्षं आकडे वाचलेला माणूस.

"रोज लिहीत होतीस. किती काढली, किती उतरली. काही बोलली नाहीस. मला वाटलं, हिला पटलं असेल."

"मी पुढे दमट लिहीत होते, बाबा."

"ते माझ्यासाठी लिहितेस असं वाटलं. मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून." ते थोडं थांबले. तिच्या तोंडाकडे बघत राहिले, काट्यावरच्या खोलीतून ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचे तसे. "तुला खरंच दमट वाटलं?"

तिनं मान डोलावली. बाबा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, आवाज न करता, खांदे हलवत. हसण्याचा मग खोकला झाला आणि तिनं पाठीवर हात ठेवला. हाताला एकेक बरगडी लागली. शास्त्रीणबाई, ते खोकल्यातून म्हणाले, तफावत आल्यावर आधी माल बघायला कुणी शिकवलं तुला. खोकला थांबल्यावर त्यांनी सांगितलं, सगळं एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं. सुरुवातीला एखादाच चमचा परत जायचा, पोटात जात नसे म्हणून. मग बरणी इथे आली. दुपारी घर अगदी गप्प असतं. पेला पुढे घेऊन बसलं की हात थांबतो. डब्यात आहे तोवर ती नुसती पावडर असते, परत ठेवता येते. पाणी घातलं की संपलं, मग प्यावीच लागते. पोट भरतं, नाही म्हणत नाही, पण कशासाठी भरलं ते कळत नाही. तू असलीस की निदान तुला पेला दाखवायचा असतो. थर्मासमधलं पाणी मात्र पितो हं, ते म्हणाले, ते वाया घालवत नाही.

ती म्हणाली, मी दुपारी येत जाईन. म्हणता म्हणताच तिला दोन दारं, भिंतीवरचा काटा, पन्नास मिनिटांची बस जायची आणि पन्नास यायची, हे सगळं दिसलं. बाबांनाही दिसलं असावं. त्यांनी विचारलं, "किती दिवस येशील?"

यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर आकडा हवा होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे आकडा नव्हता. म्हणजे होता. डॉक्टरांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवून तो सांगितला होता, किती दिवस उरले त्याचा, एक पूर्ण पोषणाचा आणि एक त्याशिवायचा, आणि त्या दोन आकड्यांमधला फरक काही मोठा नव्हता. भरलेला वजा रिकामा. तिच्या छातीत काहीतरी काठोकाठ भरलेलं होतं आणि खाली काही येत नव्हतं. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला, तिच्या भेगाळलेल्या पेरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, जा, तू जेवून घे.

सकाळी तिनं पाणी तापवलं, थर्मास भरला. पेला दिला, तो उलटा करून दाखवला गेला. मग बरणी समोर घेऊन बसली. कमी काढावी असं तिच्या मनात आलं. तीन चमचे, दोन, की काहीच नको. हाताला ते जमेना. एक, दोन, तीन, प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करत तिनं दोन्ही डब्यांत सहा-सहा चमचे भरले, काठाला लागलेले कण बोटानं आत सारले, झाकणं लावली. बरणीचा खटका बसल्याचा आवाज ऐकला. पट्टीवर पेन्सिल टेकवली, आणि काही न लिहिता उचलली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण झोपले नव्हते. खांद्यांवरून कळत होतं. बस सुटायला बारा मिनिटं होती. तिनं स्वयंपाकघरात जाऊन मांडणीतून एक चमचा काढला, फडक्यानं पुसला, खिडकीशी धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, दांड्याच्या खाचेत ओल दिसली म्हणून पुन्हा पुसला, आणि पूर्ण कोरडा झाल्याची खात्री झाल्यावर आत आणून बाबांच्या हाताशी, त्या दोन डब्यांच्या शेजारी ठेवला.